काळी पाटी राहू द्या, पण आधी नंबर वाचवा

महाराष्ट्रात एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, सक्तीची झाली आणि तिची मुदत मार्च २०२५ पासून पुढे पुढे सरकत राहिली. या काळात चर्चा झाली ती मुख्यतः पैशांची. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी कशासाठी द्यायचा, तारीख का मिळत नाही, इतर राज्यांत दर किती. जुन्या गाड्या जिवापाड जपणाऱ्यांचा प्रश्न त्या गदारोळात मागेच पडला. १९६५ च्या फियाटवर पांढऱ्या अक्षरांची जुनी काळी पाटी काढून निळं अशोकचक्र, लेझरने कोरलेला कोड आणि न निघणारे रिव्हेट असलेली पांढरी प्लेट ठोकायची का? काहींचं म्हणणं, कायदा सगळ्यांना सारखा. काहींचं म्हणणं, गाडीची सगळी शोभा जाते. मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये राहतो, इथे जुन्या गाड्यांच्या माणसांत वावरतो आणि इथून पाहताना मला वाटतं की दोन्ही बाजू पाटीवर भांडत आहेत. खरं नुकसान नंबराचं होतंय.

ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९०४ पासून मोटारींना नंबर सक्तीचा आहे. एकदा मिळालेला नंबर मालकाने मुद्दाम काढून घेतला नाही, तर गाडीबरोबरच राहतो. गाडी लंडनची एडिनबराला गेली, मालक दहा झाले, तरी नंबर तोच. नोंदी संगणकावर गेल्या तेव्हा कित्येक पडून राहिलेल्या गाड्यांचे नंबर नोंदीतून गळले. त्यांच्यासाठी इथे व्ही७६५ नावाची सोय आहे. जुनं लॉगबुक, म्हणजे गाडीचं नोंदणीपुस्तक, किंवा तसाच भक्कम पुरावा दाखवायचा, त्या गाड्यांच्या मान्यताप्राप्त क्लबने तपासून शिफारस करायची, मग मूळ नंबर परत मिळतो. त्यातली एक अट मला फार आवडते: असा परत मिळालेला नंबर दुसऱ्या गाडीला देता येत नाही. त्यामुळे नंबर विकून पैसे करण्यासाठी कुणी भंगारातली गाडी शोधत बसत नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त राहिली की तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. रोजच्या वापरातल्या गाडीसाठी ते ठीक आहे, कारण कर राज्याला जातो. पण १९६० ची अँबॅसिडर पश्चिम बंगालमधून महाराष्ट्रात आली की तिला एमएचचं पासिंग मिळतं, आणि एमएच ही पद्धतच मुळी १९८९ च्या सुमाराची. म्हणजे त्या गाडीवर असा नंबर येतो, जो तिच्या उमेदीच्या काळात अस्तित्वातच नव्हता. ती कुठल्या शहरात धावली, कुठल्या साली नोंदली गेली, हे सगळं त्या एका बदलात पुसलं जातं. त्यावर कितीही सुरेख काळी पाटी रंगवा, ती खोटीच.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले, ते मोठं पाऊल होतं हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदवायची असेल तर २०,००० रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरं असलेला नंबर मिळतो. पण ज्यांचा मूळ नंबर राज्य बदलताना गेला, त्यांनी जुनं आरसी बुक दाखवून तो परत मिळवावा, अशी वाट त्या नियमांनी आखलेली नाही. जुन्या गाड्यांच्या मंडळींनी आपली सगळी ताकद इथे लावावी, असं मला मनापासून वाटतं.

पाटीचं म्हणाल तर ब्रिटनचं अनुकरण डोळे मिटून करू नये. इथे १९७३ पासून नव्या गाडीला पुढे पांढरी आणि मागे पिवळी परावर्तक प्लेट सक्तीची झाली. १९६८ ते ७२ या वर्षांत जुनी काळी आणि नवी परावर्तक, दोन्ही चालत. पण आजचा कायदा १९८० पूर्वी बनलेल्या आणि ऐतिहासिक वर्गात नोंदलेल्या कुठल्याही गाडीला काळी पाटी लावू देतो. परिणाम असा की १९७७ ची गाडी काळ्या पाटीवर रुपेरी आकडे मिरवत प्रदर्शनात उभी असते. कायद्याने बरोबर, इतिहासाने साफ चूक. ‘जुनं दिसतंय ना’ एवढ्यावर समाधान मानलं की असंच होतं.

आपला इतिहास वेगळा आहे. खासगी गाडीला काळ्यावर पांढरी अक्षरं या शतकाच्या सुरुवातीपर्यंत होती. त्यामुळे १९७८ ची पद्मिनी काळ्या पाटीतच शोभते, इतकंच काय, १९९५ ची एमएच नंबरची मारुतीसुद्धा. टॅक्सीची पाटी मात्र उलट, पांढऱ्यावर काळी. आणि आपल्या पाट्या बहुतेक पेंटरने ब्रशने रंगवलेल्या असत. आकड्याला किंचित सावली, अक्षरांची जाडी हाताप्रमाणे बदलणारी. ब्रिटनमधून उठावाचे अ‍ॅल्युमिनियमचे आकडे मागवून मुंबईच्या फियाटला लावणारे हौशी लोक मला माहीत आहेत. त्यांचं प्रेम खरं आहे, पण ते आकडे त्या गाडीचे नाहीत. जुन्या बुलेट आणि जावाच्या पुढच्या मडगार्डवर चाकाच्या रेषेत उभी असलेली, दोन्ही बाजूंनी वाचता येणारी वक्र पाटी हाही आपल्या रस्त्यांचा भाग होता. ती तर झपाट्याने नाहीशी होत आहे.

एचएसआरपीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. नंबरची नक्कल करून गुन्हे करणं हा ब्रिटनमध्ये खरा त्रास आहे, कारण इथे प्लेट सरकार देत नाही, नोंदणीकृत दुकानदार कागद पाहून बनवतात. आपली प्लेट त्याहून भक्कम आहे आणि रोजच्या गाड्यांना ती हवीच. शिवाय काळ्यावर पिवळी अक्षरं आज भाड्याने स्वतः चालवायच्या गाडीला असतात, त्यामुळे रस्त्यावरचा पोलीस काळी पाटी पाहून गोंधळला तर त्याचा दोष नाही.

पण ब्रिटनमध्ये ऐतिहासिक गाडी घेऊन तुम्ही रोज बाजारात जाऊ शकता. आपल्या नियमांनी व्हिंटेज गाडीला रोजच्या वापराची मुभाच ठेवलेली नाही: रॅली, प्रदर्शन, संशोधन, इंधन, दुरुस्ती, एवढंच. वापर इतका बांधून घातल्यावर पाटीची सूट नाकारण्याचं कारण उरत नाही. लेझर कोड नोंदीत ठेवा, आरटीओने दिलेली प्लेट गाडीत बाळगायला सांगा, बाहेर त्या गाडीच्या काळातली पाटी लावू द्या. ब्रिटनसारखी वेगळी तारीख ठरवण्याचीही गरज नाही. ५० वर्षांचीच अट ठेवली, तर आणखी निदान २० वर्षं तरी व्हिंटेज ठरणाऱ्या प्रत्येक खासगी मोटारीला काळीच पाटी बरोबर असेल.