एफसिंक बंद करा म्हणणारा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

"पोस्टग्रेस १८ मध्ये असिंक्रोनस आयओ आलं. आता डिस्कची वाट पाहायची गरज नाही. एफसिंक बंद करा, आयओ युरिंग लावा, डेटाबेस तिप्पट पळेल." पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरबद्दलचा हा मेसेज आठवडाभर फिरतोय. (असिंक्रोनस आयओ म्हणजे डिस्कच्या एका उत्तरासाठी न थांबता पुढचं मागवत राहणं; आयओ युरिंग ही त्यासाठीची लिनक्समधली एक सोय.) काल धाकट्या बहिणीने तो मला पाठवला, खाली प्रश्न: "दादा, आज रात्री करून टाकू का?" तिच्या हाताखाली चालू सर्व्हर आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी एफसिंक, कारण खरं नुकसान तिथे आहे. डेटाबेसने फाइलमध्ये लिहिलं की मजकूर आधी कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्येच पडतो. तो डिस्कवर उतरवून घ्यायचं काम एफसिंकचं. पोस्टग्रेसचा नियम साधा आहे: बदलाची नोंद आधी लॉगमध्ये पक्की, टेबलाचं पान नंतर. एफसिंक बंद केलं की कर्नल कुठलं पान कधी उतरवेल याला धरबंध राहत नाही. समजा टेबलाचं पान उतरलं, लॉग रॅममध्येच राहिला आणि वीज गेली. रिकव्हरी, म्हणजे पुन्हा सुरू होतानाची सावरासावर, लॉग वाचायला जाते, तर त्या बदलाची नोंदच नाही. इंडेक्स (शोधासाठीची सूची) एक सांगतो, टेबल दुसरंच. एसएसडी कितीही चांगली असो, जे तिच्यापर्यंत पोचलंच नाही ते ती कुठून देणार?

पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय: अशा वेळी डेटा दुरुस्तीपलीकडे खराब होऊ शकतो, अख्खा डेटाबेस बाहेरून सहज पुन्हा उभा करता येत असेल तरच एफसिंक बंद करा. २०१८ मध्ये तर असं लक्षात आलं की एफसिंक एकदा फसलं की लिनक्स ती न उतरलेली पानं उतरली असं धरू शकतो, आणि पुढचं एफसिंक खुशाल यशस्वी होतं. तेव्हापासून एफसिंक फसलं की पोस्टग्रेस स्वतःहून बंद पडतं आणि लॉगवरून पुन्हा उभं राहतं. बनवणारे इतकी काळजी घेतात, आणि मेसेजवाला म्हणतो बंदच करा!

'तिप्पट' अगदीच हवेतलं नाही, एवढं मान्य. १८ च्या घोषणेत तो आकडा आहे, पण 'तिपटीपर्यंत', आणि तोही डिस्कवरून वाचण्यापुरता. सिक्वेन्शियल स्कॅन (टेबल सलग वाचणं), बिटमॅप हीप स्कॅन (इंडेक्सवरून ठरलेली पानं वाचणं), व्हॅक्यूम (जुन्या ओळींची साफसफाई) यांना फायदा होतो. लिहिणं या सोयीत आलेलंच नाही, त्यामुळे कमिटला, म्हणजे बदल पक्का करायला, लागणारा वेळ तोच. डेटा आधीच बफरमध्ये, म्हणजे रॅममध्ये, असेल तर वाचनातही फरक दिसणार नाही.

आयओ युरिंग सक्तीचं नाही. डीफॉल्ट 'वर्कर' पद्धतही असिंक्रोनसच आहे.

कमिटच हळू असेल तर सिंक्रोनस कमिट (लॉग डिस्कवर उतरेपर्यंत कमिटने थांबणं) बंद करता येतं, तेही हव्या त्या ट्रान्झॅक्शनपुरतं, म्हणजे एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटापुरतं. क्रॅश झाला तर डीफॉल्ट सेटिंगवर शेवटच्या साधारण ६०० मिलिसेकंदांतले कमिट जाऊ शकतात, पण डेटाबेस खराब होत नाही. पैशांच्या नोंदींना तेही नको.

बहिणीला एवढंच सांगितलं: 'शो एफसिंक' चालव आणि काय येतं ते पाठव. दोन मिनिटांत उत्तर आलं: ऑन.