झिप डिस्क (जास्त फाइली मावणारी जाड फ्लॉपीच म्हणा) वापरलेले कोण कोण आहेत इथं?

परवा रंकाळ्यावर फिरताना भाच्यानं मोबाईल पुढं केला. "मामा, सँडिस्कचा शेअर बघा, कुठल्या कुठं गेलाय! एआयवाल्यांना माल पुरंना झालाय. घेऊया थोडे?"

सँडिस्क म्हणजे पेनड्राइव्ह, मेमरी कार्डातली फ्लॅश मेमरी बनवणारी कंपनी. मला आठवली ती माझी निळी झिप ड्राइव्ह.

1998 च्या सुमारास राजारामपुरीत माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर-डिझाइन करून द्यायचं दुकान होतं. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं मंडळाचं पोस्टर 1.44 एमबीच्या फ्लॉपीत कुठलं मावतंय! पॉझिटिव्ह (छपाईची फिल्म) काढायला जाताना फाइलचे तुकडे करून दहा-बारा फ्लॉप्या न्यायच्या, आणि नेमकी आठवी करप्ट. अशात अमेरिकेच्या आयोमेगा कंपनीची 100 एमबीची झिप हाती आली. देव्हाऱ्यात ठेवायचीच काय ती बाकी होती.

कंपनीची खुबी अशी, की 199 डॉलरची ड्राइव्ह हे नुसतं दावं होतं. खरं दूध 20 डॉलरच्या डिस्कचं. एकदा ड्राइव्ह घेतली की गिऱ्हाईक जातंय कुठं? 1996 मध्ये शेअरला तर लोकांनी डोक्यावर घेतलं होतं.

मग सायक्वेस्ट या प्रतिस्पर्धी कंपनीनं त्याच 199 डॉलरमध्ये 1 जीबीची ड्राइव्ह काढली. दहापट जागा! पण भाव पाडून विकता विकता स्वतःच रक्तबंबाळ झाली आणि नोव्हेंबर 1998 मध्ये दिवाळखोरीत गेली. आयोमेगाही त्या वर्षी तोट्यातच. (दोघांच्या भांडणात आमच्यासारख्यांचं मात्र भलं झालं, खोटं कशाला बोलू.)

खरा घाव घातला तो सीडीनं. 650 एमबीची कोरी सीडी इथं वीस-पंचवीस रुपयांना मिळायला लागली आणि माझी एक झिप डिस्क पाचशेच्या वरची. सीडी कोणत्याही कंपनीची घ्या, कुठल्याही ड्राइव्हमध्ये चालते. दावं तुटलं. प्रेसवाला एक दिवस म्हणाला, "झिप आणू नका आता, सीडीच द्या." माझ्या मते कंपनीचा निकाल त्या काउंटरवर लागला. शेअर बाजाराला तो तिमाहीच्या आकड्यांतून उशिरा कळतो, एवढंच. एकेकाळी अब्जावधी डॉलरची ही कंपनी 2008 मध्ये ईएमसी या डेटा साठवणुकीतल्या मोठ्या कंपनीनं 213 मिलियन डॉलरला उचलली.

भाच्याला म्हटलं, हार्ड डिस्क बनवणारे जगात तिघंच उरलेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल, तोशिबा. तिथं स्वस्तवाला सहज घुसत नाही. सँडिस्कच्या फ्लॅशचं तसं नाही. सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन, किओक्सिया, त्यात चीनची वायएमटीसी. चिपवर नाव कुणाचंही असो, घेणारा जीबीचा भाव विचारतो. 2023 मध्ये माल तुंबला तेव्हा मायक्रॉनसारखीला अब्जावधींचा तोटा झाला होता, त्याला फार दिवस झाले नाहीत.

त्यानं ऐकून घेतलं आणि थोडे घेतलेच. पैसे त्याचे, हौस त्याची.

जाता जाता एक काम आहे. मंडळाच्या पोरांना 1999 चं पोस्टर हवंय. डिस्क माळ्यावर सापडली, ड्राइव्हही आहे. कुणाकडं पॅरलल पोर्टवाला (जुन्या प्रिंटरची रुंद पिन लागायची तो) चालू कॉम्प्युटर असेल तर कमेंटमध्ये सांगा.