आवाज कुठे अडतो?

गाण्याच्या क्लासात 'आवाज चोरू नकोस, मोकळा लाव' हे वाक्य उठता बसता ऐकू येतं. त्यावर विद्यार्थी काय करतो? जोर लावतो. मानेच्या शिरा फुगतात, हनुवटी वर जाते, तार सा (वरच्या सप्तकातला सा) कसाबसा लागतो आणि शिक्षक खूश होतात. माझ्या मते घोळ इथेच होतो. चोरट्या आवाजात ताकद कमी नसते, ब्रेक दाबलेला असतो. ब्रेक तसाच ठेवून जोर वाढवला की मार स्वरतंतूंना बसतो.

काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, गाणाऱ्या मुलीचे स्वरतंतू मध्य सा लावताना सेकंदाला साधारण २०८ वेळा एकमेकांना भिडतात, तार सा लावताना ४१५ वेळा. गळा आवळलेला असेल तर यातली प्रत्येक भेट म्हणजे टक्कर. सूज आली की आधी वरचे हळुवार स्वर जातात. तोच पंचम (प) जोरात लागतो, पण अलगद लावायला गेलं की नुसती हवा येते. ही खूण दिसली की त्या दिवशी ताना बंद.

ब्रेक बहुतेक वेळा जबड्यात आणि जिभेच्या मुळाशी असतो. जीभ मागे ज्या छोट्या हाडाला जोडलेली असते, त्यालाच खाली स्वरयंत्र लटकलेलं असतं. जीभ ताठली की तेही जखडतं. रडू आवरताना, उलट उत्तर गिळताना आपण हेच स्नायू आवळतो. 'मुलीनं एवढ्या मोठ्यानं बोलू नये' हे ऐकत वाढलेली मुलगी किंवा शेजारच्यांची कुरकुर नको म्हणून खिडक्या लावून रियाज करणारा माणूस, यांचा हा सराव आलापाच्या आधीच पक्का झालेला असतो. मग आकार लावला, म्हणजे 'आ' म्हणत स्वर लावला, की 'आ'चा 'अ' होतो.

देवगिरीच्या यादवांच्या दरबारातल्या शार्ङ्गदेवाने १३व्या शतकात 'संगीतरत्नाकर'मध्ये गायकाचे २५ दोष दिले. दात आवळून गाणारा 'संदष्ट', गळा भोपळ्यासारखा फुगवणारा 'तुंबकी', मान वाकडी करणारा 'वक्री' आणि घाबरत गाणारा 'भीत' हे सगळे त्याने एकाच यादीत बसवले. आपण मात्र भीती घरी सोडून यायला सांगतो आणि गळा तेवढा तपासतो.

तपासायचं कसं? हनुवटीखालच्या मऊ भागाला अंगठा हलकाच लावा आणि सा ते तार सा आकारात चढा. तो भाग टणक होऊन अंगठ्याला खाली ढकलू लागला तर जीभ ताठली. कुठल्या स्वरावर हे सुरू होतं ते लिहून ठेवा, काम त्याच्या दोन स्वर खालून सुरू करायचं.

ग्लासात पाणी घ्या, स्ट्रॉ दोन बोटं खोल बुडवा आणि त्यातून 'ऊ' म्हणत मध्य सा ते पंचम मींडेने, म्हणजे स्वर न तोडता घसरत, वर-खाली करा, तीन-चार मिनिटं. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. पाण्याच्या दाबामुळे तोंडातली हवा उलट दाबते आणि स्वरतंतू हलकेच भिडतात. बुडबुडे मध्येच थांबले तर तिथे गळा आवळलाय. जास्तच उसळले तर फुंकर मारताय.

यानंतर लगेच आलाप नको. चीजेचे (बंदिशीचे) शब्द आधी बोला, समोरच्याला खरंच सांगताय असे, थोडे चिडूनही चालेल. नंतर त्याच आवाजात सा लावा. ही पायरी बहुतेक जण लाजून गाळतात आणि नेमकी तीच उपयोगाची असते.

बैठकीचं थोडक्यात: ढुंगणाखाली दोन-तीन इंच जाड घडी घ्या म्हणजे पोट दबत नाही. तानपुरा धरलेल्या बाजूचा खांदा वर जातोय का, आरशात बघा.

आणि कृपा करून सगळ्या वर्गाला एकच पट्टी देऊ नका. पेटी काळी पाचला लावली म्हणून दहा मुलींचे गळे काळी पाचचे होत नाहीत. अर्धा-एक स्वर खाली आणल्यावर ज्या मुलीचा जबडा सुटतो, तिला स्पर्धेसाठी परत वर चढवू नका. आवाज दोन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर ज्येष्ठमध चघळत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या.