झिंकची बाटली

"घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा," असं त्या डॉक्टरांनी सांगितलं नसतं, तर मावशीच्या पायांना काय झालंय ते आम्हाला कळलंच नसतं.

वर्षभर तिचं हिमोग्लोबिन वर येत नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या, चालताना तोल जायला लागला. वयामुळे असेल म्हणून आम्हीही गप्प बसलो. त्या पिशवीतून झिंकची बाटली निघाली. कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी म्हणून सुरू केलेली, बंद करायला कुणी सांगितलं नाही म्हणून दोन वर्षं रोज घेतलेली. डॉक्टरांनी रक्तातलं तांबं तपासायला लावलं. ते अगदी तळाला गेलं होतं.

झिंकचा तांब्याशी काय संबंध, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा समजून घेतलं. झिंक जास्त झालं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन भरपूर बनवतात. हे प्रथिन झिंकपेक्षाही तांब्याला घट्ट धरून ठेवतं. त्या पेशी काही दिवसांत झडतात आणि जेवणातून आलेलं तांबं त्यांच्याबरोबर शरीराबाहेर जातं. तांबं नसेल तर साठ्यातलं लोह नीट रक्तात उतरत नाही, आणि नसांनाही इजा होते; पायांच्या मुंग्या त्याच्याच. म्हणजे आम्ही वर्षभर लोह देत होतो आणि अडलं होतं तांब्यापाशी! (विल्सनच्या आजारात शरीरात तांबं साठत जातं. तिथे झिंकचा हाच गुण औषध म्हणून कामी येतो.)

झिंकला मी वाईट म्हणत नाहीये. 1958 साली डॉ. आनंद प्रसाद यांनी इराणमधल्या शिराझला 21 वर्षांचा एक तरुण तपासला, तो दिसायला जेमतेम दहा वर्षांचा होता. खाणं म्हणजे मुख्यतः पाव, आणि वर माती. धान्यातलं फायटेट झिंकला बांधून ठेवतं, ते अंगी लागू देत नाही. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांना झिंक दिलं आणि त्यांची खुंटलेली उंची वाढायला लागली. झिंकवाचून माणूस वाढत नाही हे त्यातून जगाला कळलं.

पण अमेरिकेतल्या शिफारशीनुसार प्रौढ बाईला दिवसाला 8 मिलिग्रॅम झिंक पुरतं, पुरुषाला 11, आणि प्रौढांसाठी वरची मर्यादा 40. मावशीची एक गोळी 50 ची होती. त्यातही लेबल फसवतं. 220 मिलिग्रॅम झिंक सल्फेट लिहिलेलं असेल तर त्यात प्रत्यक्ष झिंक साधारण 50 असतं. बघायचा तो आकडा 'एलिमेंटल झिंक'चा. सेलेनियम या दुसऱ्या खनिजाचं गणित तर मायक्रोग्रॅममध्ये चालतं, गरज 55 आणि मर्यादा 400. जास्त झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात. आणि लोक केसांसाठीच त्या गोळ्या घेतात, हे बघून मला खरंच काळजी वाटते.

म्हणून "मिनरल्सच तर आहेत, अपाय कसला?" असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. कमतरता तपासून निघाली असेल तर जरूर घ्या, पण किती दिवस घ्यायची ते त्याच वेळी विचारून घ्या. आणि डॉक्टरांकडे जाताना या गोळ्याही सोबत न्या. मावशीने दोन वर्षांत एकदाही झिंकचं नाव काढलं नव्हतं, कारण तिच्या लेखी ते औषधच नव्हतं.

झिंक बंद करून तांबं सुरू केल्यावर तीन महिन्यांत तिचं हिमोग्लोबिन वर आलं. मुंग्या पूर्ण गेलेल्या नाहीत. रात्री दिवा लावल्याशिवाय ती अजून पलंगावरून पाय खाली टाकत नाही.