सांगलीकर असाल तर तसे दिसा

इंटरनेटवर अनोळखी माणूस "तुम्ही कुठले?" असं विचारतो तेव्हा त्याला माहिती नको असते, दुजोरा हवा असतो. म्हणून नुसतं "सांगली" म्हणा आणि गप्प बसा. पुढचं तो सांगेल. तुमचा ऊस किती एकर, बुलेट कुठल्या रंगाची, कारखान्यावर कुठला चुलता संचालक, सगळं त्याच्याकडे तयार असतं. आपल्यालाही नव्यानंच कळतं. बसल्या जागी एवढा ऊस पदरात पडत असताना नाही म्हणणं बरं दिसत नाही.

तुम्ही जतचे किंवा आटपाडीचे असाल तर जरा अडचण आहे. "पश्चिम महाराष्ट्रानं सगळं पाणी पळवलं" हे वाक्य कदाचित टँकरची वाट बघत उभ्या उभ्या वाचावं लागेल. तरी तिथं पर्जन्यछाया, म्हैसाळ योजना, कृष्णेचं पाणी पंपानं टप्प्याटप्प्यानं वर चढवावं लागतं, असलं काही लिहायला जाऊ नका. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली शहरात रस्त्यावरून होड्या फिरत होत्या आणि जिल्ह्याच्या पूर्व टोकाला टँकर चालू होते, हे तर अजिबात नको. एका जिल्ह्याला एकच हवामान असतं असा समोरच्याचा समज आहे, आणि तो त्यानं घरात बसून, कुणाचीही मदत न घेता करून घेतलाय. फार तर फोटोत घागर येणार नाही एवढं बघा.

आडनावाचा विषय मात्र सावकाश घ्यायला हवा. मराठी माणसाला आडनावावरून जे कळतं ते आधार कार्डालाही कळत नाही. समजा, तुम्ही पाटील आहात. झालं! जात ठरली, वाडा ठरला, मिशी ठरली, आरक्षणावरचं तुमचं मत ठरलं आणि त्या मताबद्दल तुम्हाला शिव्याही देऊन झाल्या. तुम्ही अजून फक्त "शुभ सकाळ" लिहिलेलं असतं. आता आपल्याकडे पाटील मराठा असतो, जैन असतो, लिंगायत असतो, मुसलमानही असतो. पाटीलकी हे गावचं वतन; ज्याच्याकडे होती तो पाटील. पण हे समजावत बसलात तर त्या बिचाऱ्याला एकाच्या जागी चार पूर्वग्रह सांभाळावे लागतील. इतका ताण कुणाला देऊ नये. शिव्या चुकीच्या पत्त्यावर आल्या असल्या तरी घ्या ठेवून, शेजारच्यांना देता येतील.

मिरजेच्या सतारमेकरांनी तर तोंडच उघडू नये. नाव मुसलमानी दिसलं की काहींना देशप्रेमाची तोंडी परीक्षा घ्यायची हुक्की येते. घेऊ द्या. पंढरपूरकडचा भोपळा आणायचा, तो वाळलेला निवडायचा, कापायचा, दांडी बसवायची, तारा चढवायच्या, सूर घुमावा म्हणून घोडीची जवारी लावायची. अशा हातांनी केलेल्या तानपुऱ्यावर परीक्षकाचा लाडका गवई अभंग म्हणतो, हा भाग अभ्यासक्रमात नाही. परीक्षक त्या वेळी डोळे मिटून ऐकत असतात. मध्येच उठवू नका.

"मराठी माणूस घर सोडत नाही, धंदा त्याच्या रक्तातच नाही" हा धडा शिकवणारे गुरुजी रात्री जेवणं झाल्यावर जास्त भेटतात. तो धडा विटा-खानापूर-आटपाडीकडचा गलाईवाला केरळात नाहीतर तमिळनाडूत, सोनं गाळायच्या भट्टीशेजारी बसून वाचतो. त्याचा आजा कधीकाळी दुष्काळाला कंटाळून तिकडं गेलेला. दुकानात गिऱ्हाइकाशी तमिळ, सोनाराशी हिंदी, रात्री आईशी फोनवर गावची बोली, असा याचा दिवस. त्याला माझा एवढाच सल्ला की गुरुजींना अंगठा दाखवा, म्हणजे पसंतीचा. गुरुजींनी ते सगळं पगाराच्या खुर्चीत बसून मोठ्या तळमळीनं लिहिलंय.

भाषेचंही तेच. तुम्ही "लय भारी" लिहिलं की कुणीतरी तांबडी शाई घेऊन येणारच: "आधी शुद्ध मराठी शिका." त्याच्या अंगावर विष्णुदास भावे सोडू नका. 1843 साली सांगलीतच 'सीतास्वयंवर' झालं आणि मराठी नाटक उभं राहिलं, हे त्यालाही ठाऊक आहे. 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, तो तुम्हालाच हे पाठवतो, फुलांच्या चित्रासकट. उरलेलं वर्षभर तुम्ही अडाणी.

आणि हे सगळं फक्त आपल्याच वाट्याला येतं असं समजून कुढत बसू नका. आपणही काही कमी नाही. पुण्याचा कुणी दिसला की त्यानं काय लिहिलंय ते वाचायच्या आधीच तुम्ही त्याला दुपारी एक ते चार झोपवता. नागपूरचा दिसला की संत्री, कोकणातला दिसला की भाऊबंदकीचा खटला. बाईच्या फोटोत गॉगल दिसला तर तिचा संसार कसा चाललाय हे फोटो पूर्ण उघडायच्या आत तुम्हाला कळतं. एवढी सिद्धी अंगात असताना लोक उगाच ज्योतिषाला पैसे देतात.

एवढं सगळं पाळलंत, तर कधीतरी तो अनोळखी माणूस प्रत्यक्ष सांगलीला येईल. बुलेट शोधेल, तुम्ही भाच्याची स्कूटी घेऊन स्टँडवर उभे. त्याला गणपतीच्या देवळात न्या, भडंग खायला घाला, कृष्णेचा घाट दाखवा. निघताना तो तुमचा हात हातात घेऊन म्हणेल, "खरं सांगू? तुम्ही सांगलीचे वाटतच नाही हो!" हा त्यानं दिलेला सर्वोच्च किताब आहे. त्याचं मत जिथल्या तिथं आहे, फक्त तुम्हाला त्यातून सूट मिळाली. हसून आभार माना, आणि भडंगाचं एक पाकीट बरोबर बांधून द्या. परत गेल्यावर सांगलीकर कसे असतात हे त्याला अधिकारवाणीनं लिहायचं असेल, तोंडात टाकायला काहीतरी लागतंच.