शिबिर डिसेंबरात, पाणी ऑक्टोबरात

राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामाला क्रेडिट मिळू लागल्यापासून महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत जुनाच वाद पुन्हा रंगलाय: गुणांसाठी केलेली सेवा ही सेवा म्हणायची का? जर्मनीत बसून तो वाचताना वाटतं, भांडण भलत्याच जागी चाललंय.

इथेही तरुणांना कुणी फुकट राबवत नाही. २०११ मध्ये सक्तीची लष्करी सेवा थांबली आणि ऐच्छिक संघीय सेवा सुरू झाली. वर्षभर वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयात काम करणाऱ्या तरुणाला पॉकेटमनी, विमा, प्रमाणपत्र मिळतं आणि २५ दिवसांचं प्रशिक्षणही. गावोगावचं अग्निशमन दल तर बहुतांशी स्वयंसेवकांचंच. कामाच्या वेळेत बोलावणं आलं तर मालकाला माणूस सोडावा लागतो, पगार कापता येत नाही. सगळं आलबेल आहे असं नाही. तरुण शहरात नोकरीला जातात आणि दिवसा गावात बंबावर चढायला माणसं उरत नाहीत. पण जे उरतात ते त्याच गावचे, वर्षभर सराव केलेले.

आपल्याकडे १९६९ पासून चालत आलेली सेवा योजनेची चौकट कागदावर उत्तम आहे. दोन वर्षांत २४० तास, सात दिवसांचं शिबिर, दत्तक गाव. फक्त शंभर स्वयंसेवकांमागे कार्यक्रम अधिकारी एक, आणि तोही पूर्णवेळ प्राध्यापक!

शिबिरात मुलं घालतात त्या वनराई बंधाऱ्याचंच बघा, म्हणजे मातीने भरलेल्या गोण्या रचून ओढ्यावर घातलेला तात्पुरता बांध. तळातला गाळ काढून कठीण थर लागल्यावरच पहिली गोणी ठेवायची, नाहीतर पाणी खालून निघून जातं. सिमेंटची रिकामी गोणी पाऊणच भरायची. गच्च भरली की ती गोल होते, दुसरीवर बसत नाही आणि फटी राहतात. तोंड शिवायचं, थरांची विटकामासारखी सांधेमोड करायची, दोन रांगांमध्ये चिकणमाती ठासायची. मधला भाग थोडा खाली ठेवायचा. तो विसरला की पाणी काठ कापून बाजूने पळतं. हे सगळं एका सकाळी शिकता येतं. मात्र बंधारा घालायचा तो पाऊस ओसरल्यावर, ओढा वाहता असताना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. शिबिरं पडतात परीक्षा आटोपल्यावर, डिसेंबर-जानेवारीत. तोवर बरेचसे ओढे आटलेले असतात. मुलं घाम गाळतात, फोटो निघतो, बंधारा कोरडाच.

तेव्हा क्रेडिट खुशाल द्या. सातपैकी तीन दिवस दिवाळीच्या सुट्टीत घ्या, उरलेले हिवाळ्यात. गटामागे गावातलाच एक तरुण जोडून द्या, बंधारा झिरपला तर मातीचा हात फिरवायला. फेब्रुवारीत साठ्याची खोली काठीने मोजा आणि मगच गुण भरा. गोण्या उन्हाने विरतात, पुरात वाहूनही जातात. पुढच्या ऑक्टोबरात त्याच जागी नव्या तुकडीला उतरावं लागेल, हे प्रवेशाच्या अर्जावरच छापा.