सर्टिफिकेट भिंतीवर, मग बोटं का जातात? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘आयएसओ ४५००१ म्हणजे रिसेप्शनमधली फ्रेम. आमच्या प्रेस शॉपमध्ये बोटं जायची ती जातातच. तुम्ही ऑडिटवाले, कौतुक करणारच,’ असं तुम्ही कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या या आंतरराष्ट्रीय मानकाबद्दल लिहिलंत. टोमणा राहू द्या, बाकीचं बोलू.

फ्रेमबद्दल वाद नाही. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात वर्षभराची रजिस्टरं एकाच पेनाने भरली जातात, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय प्रमाणपत्राचे पैसे कंपनीच मोजते. ही गोम तुमच्याकडून राहिली, म्हणून मीच सांगतो.

पण त्यासाठी मानकालाच मोडीत काढणं पटत नाही. तुमचा पॉवर प्रेसच (पत्रा दाबून आकार देणारं यंत्र) घ्या. ८.१.२ या कलमात उपायांची उतरंड आहे: आधी धोकाच काढून टाका, नाहीतर कमी धोक्याचा पर्याय वापरा, मग यंत्रावरचा बंदोबस्त, मग कामाची पद्धत आणि ट्रेनिंग, आणि सगळ्यात शेवटी हातमोजे-हेल्मेट. म्हणजे डायमध्ये (साच्यात) हात घालायची वेळच येऊ नये असं फीडिंग (माल आत सरकवायची सोय) हवं. ते जमत नसेल तर दोन्ही हातांनी एकदम दाबावी लागणारी बटणं, किंवा हात आडवा आला की यंत्र थांबवणारा किरणांचा पडदा, म्हणजे लाइट कर्टन. प्रत्यक्षात काय असतं? लाइट कर्टन ‘प्रॉडक्शन अडतं’ म्हणून बायपास केलेला, दोनातलं एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं. बोट गेलं की अहवालात कारण ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ आणि उपाय ‘पुन्हा ट्रेनिंग’. असा अहवाल डोळे झाकून पास करणाऱ्या ऑडिटरने ते कलम उघडूनसुद्धा पाहिलेलं नसतं.

दुसरं, २०१८ साली ४५००१ आलं तेव्हा त्याआधीच्या ओएचएसएएस १८००१ या सुरक्षा मानकापेक्षा कामगारांच्या सहभागावर (कलम ५.४) जास्त भर दिला गेला. धोका किंवा अपघात कळवणाऱ्यावर डूख धरला जाऊ नये, ही जबाबदारीही थेट वरच्या व्यवस्थापनावर टाकली आहे. ही काही परदेशी टूम नव्हे. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने आपल्या तेव्हाच्या कारखाने अधिनियमात ४१ जी कलम आलं: धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यात सुरक्षा समिती, कामगार आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समान संख्येने.

तुमच्याकडे समिती असेल तर तिच्यात प्रेसवर उभा राहणारा एखादा कंत्राटी ऑपरेटर आहे का? आणि मागच्या अपघातानंतर त्या मशीनमध्ये नेमकं काय बदललं? दोन्ही उत्तरं इथेच लिहा, कंपनीचं नाव न घेता. मग पुढचं भांडू.